आधी फोटोची मागची बाजू बघ

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं जुन्या फोटोचं कार्ड भिंगाखाली नीट पाहिलं. त्यातला कोटवाला तरुण जिवंत आहे, निदान फोटो काढला त्या दिवशी तरी होता. पूर्वी परदेशात मृतदेह स्टँडला टेकवून, जिवंत भासवून फोटो काढत, अशी एक दंतकथा आहे. 'उभा केलेला मृतदेह' म्हणून विक्रेत्याने तुझ्याकडून घेतलेले जास्तीचे पैसे त्या दंतकथेचे होते.

त्याच्या बुटांमागे दिसणाऱ्या स्टँडच्या लोखंडी पायावरून तुला खात्री वाटली ना? तो पुरावा नेमका उलट बाजूचा आहे. त्या स्टँडच्या वरच्या टोकाला मानेमागे टेकणारा चिमटा असे. फोटो घेताना काही सेकंद मान हलू नये, एवढंच त्याचं काम. अख्ख्या मृतदेहाचा भार त्याला पेलणारच नाही. डोळे विचित्र दिसतात म्हणशील, तर त्या काळच्या रसायनांवर निळा रंग जवळजवळ पांढरा उमटायचा. निळ्या डोळ्यांची गिऱ्हाइकं भुतासारखी यायची, मग स्टुडिओतला माणूस वरून बुबुळं रंगवायचा. पापणी हलली तरी हाच इलाज. आणखी एक प्रकार बाजारात फार चालतो: डोक्यावरून कापड घेतलेली बाई आणि तिच्या मांडीवर बाळ. ती बाळंही बहुतेक जिवंतच असतात. चुळबुळ करू नये म्हणून आईने धरलेली असतात, आणि फोटोत फक्त बाळ यावं म्हणून आई झाकलेली असते.

अमेरिकेतले आणि युरोपातले खरे अंत्यफोटो बघशील तर त्यांत नाटक फार कमी. १८४० नंतरच्या डॅगेरोटाइपमध्ये, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरच्या फोटोत, मूल खाटेवर, सोफ्यावर किंवा आईच्या मांडीवर झोपल्यासारखं असतं. शतकाच्या शेवटाकडे शवपेटी आणि फुलं येतात. बोस्टनच्या साउथवर्थ अँड हॉज स्टुडिओच्या जाहिरातीतही अशा चित्रांत शांत झोप दिसते अशीच ग्वाही होती. कित्येक मुलांचा तो पहिला आणि शेवटचा फोटो. घरच्यांना सगळं माहीत होतं, मग मुडदा उभा करून फसवायचं कुणाला?

असा फोटो मागे राहिलेल्यांसाठी काढलेला असतो. कुणी काढून घेतला, कुणाला पाठवला, कुठे ठेवला हे ज्या चिठ्ठीवरून, पाकिटावरून, शिक्क्यावरून कळतं, ते फोटोइतकंच जपायचं. लिंकनचं उदाहरण घे. २४ एप्रिल १८६५ ला न्यूयॉर्कच्या सिटी हॉलमध्ये शवपेटीतल्या लिंकनचा फोटो जेरेमाया गर्नीने घेतला. युद्धमंत्री स्टँटन संतापला, काचेच्या निगेटिव्ह नष्ट करा म्हणाला. एक प्रत मात्र त्याच्याच कागदांत राहिली. १९५२ साली ती इलिनॉयच्या सरकारी ग्रंथालयात लिंकनच्या चिटणिसाच्या दप्तरात सापडली. शोधणारा होता १४ वर्षांचा रोनाल्ड रिटवेल्ड. (तुझं वय आड येतं असं पुन्हा लिहू नकोस!) सोबत ती प्रत चिटणिसाला पाठवणाऱ्या स्टँटनच्या मुलाचं पत्र होतं. त्यामुळे ती प्रत आली कुठून हे कळलं. कुणी नीटनेटकेपणाच्या भरात ते पत्र वेगळ्या फायलीत टाकलं असतं, तर आज त्या धूसर चित्रावर वाद चालले असते.

म्हणून सुरुवात गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी छापलेल्या, स्वस्तातल्या स्मृतिकार्डांपासून कर. १८८० नंतरची ती काळी कार्डं आणि त्यांवरची सोनेरी अक्षरं रसिकांना कंटाळवाणी वाटतात. पण त्यांवर नाव, तारीख, वय छापलेलं असतं. एका कार्डावरून अख्खं घराणं शोधता येतं. मला तर ती आवडतात. अमेरिकन कार्डाच्या पाठीवर करतिकीट चिकटवलेलं दिसलं, तर फोटो बहुधा सप्टेंबर १८६४ ते जुलै १८६६ मधला, कारण फोटोंवर तो कर तेवढाच काळ होता. टिनटाइप म्हणजे लोखंडी पत्र्यावरचा फोटो, त्याला लोहचुंबक चिकटतो. डॅगेरोटाइप आरशासारखा असतो, तिरका धरला की निगेटिव्हसारखा, काळ्याचं पांढरं होऊन दिसतो. त्याच्या पृष्ठभागाला कापूससुद्धा लावू नकोस, ओरखडा कायमचा राहतो.

आता आपल्या हवेबद्दल. परदेशी पुस्तकं ३० ते ५० टक्के आर्द्रता सांगतात. कोकणात जुलैमध्ये ते वाचून हसू येतं. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नकोस, डब्यात सिलिका जेल ठेव आणि ते वेळोवेळी तापवून कोरडं कर. डांबरगोळ्या नकोत. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, पॉलिएस्टरच्या घे. लॅमिनेशन आणि सेलोटेप या दोन गोष्टींनी जेवढे फोटो मारले तेवढे कसरीनेही मारले नसतील. मागे लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. नकोशा फोटोंचा ढीग दिसला तरी 'काचा' टाकून देऊ देऊ नकोस. काचेच्या निगेटिव्ह कागदी पाकिटात, लांब कडेवर उभ्या ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत.

तुझ्या आजोळच्या तसबिरीकडे येतो, कारण मला ती तुझ्या कोटवाल्यापेक्षा मोलाची वाटते. पणजोबांचा देह खुर्चीत, गळ्यात हार, मागे सगळं घर. आपल्याकडे कित्येक घरांत देह स्मशानात न्यायच्या आधी गावातला फोटोग्राफर बोलावला जाई. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य गेले, तेव्हा त्यांचा देह पद्मासनात बसवला होता. त्या रूपातला फोटो अनेक मराठी घरांत लागला आणि कुणाला तो भीतिदायक वाटला नाही. घरगुती तसबिरी मात्र पुढच्या पिढीला नकोशा होतात. त्या माळ्यावर जातात, मग रद्दीत, आणि तिथून जुन्या बाजारात येतात तेव्हा त्यांवर नाव उरलेलं नसतं.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नकोस, ओलावा देऊ नकोस. काचेसकट स्कॅन कर, काचेसकटच ठेव. काचेवरचं गंध पुसण्याआधी एक फोटो घे, तोही त्या तसबिरीचा इतिहास आहे. मागचा पुठ्ठा बदलावा लागला तरी जुना फेकू नकोस, स्टुडिओचा शिक्का बहुधा त्यावरच असतो.

इंटरनेटवर टाकू का, हे विचारलंस. १८८५ मध्ये पॅरिसचा फोटोग्राफर नादार याने मृत्युशय्येवरच्या व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच लेखकाचा फोटो घेतला तो उघडपणे. १८९८ मध्ये जर्मनीचा माजी चॅन्सलर बिस्मार्क वारल्यावर मात्र हॅम्बुर्गचे दोन फोटोग्राफर रात्री चोरून खोलीत शिरले आणि फोटो विकायला निघाले. घरच्यांनी कोर्ट गाठलं, फोटो जप्त झाले, दोघे तुरुंगात गेले. १९०७ साली जर्मनीत आपल्या प्रतिमेवरच्या हक्काचा कायदा झाला, त्यामागे हे प्रकरण होतं. तुझ्या तसबिरीतली दोन-तीन लहान मुलं आज हयात असू शकतात. त्यांना विचारल्याशिवाय टाकू नकोस. एकाने जरी नको म्हटलं, तरी नकोच.

विचारायला फोन करू नकोस, मोठा प्रिंट घेऊन जा. नावं डावीकडून उजवीकडे, ओळीवार लिहून घे. मामांना पुरुष माणसं सांगता येतील, बायका आणि मुलं मावशीला विचार. दोघांचं पटलं नाही तर दोन्ही नावं लिही, कुणी काय सांगितलं त्यासह. पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का निघाला तर लगेच कळव. त्या गावातल्या फोटोग्राफरच्या काचा कुणाच्या घरी गेल्या, ते पावसाळ्याआधी शोधायला हवं.