कोरं कार्ड मागा

प्रश्न : आमचं एकत्र कुटुंब आहे. वर्षभर घरात कुणाचा ना कुणाचा वाढदिवस, बारसं, साखरपुडा; वर संक्रांत आणि दिवाळी. मोबाइलवर फुलं पाठवण्यापेक्षा हातात कार्ड द्यावं, अशी माझी हौस. पण बरं कार्ड घ्यायचं तर शंभराची नोट मोडते, आणि मराठी मजकुराचं शोधूनही सापडत नाही. स्वस्तात कसं जमवावं?
– एक गृहिणी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, हौस अजिबात सोडू नका. माझी उमेदीची वर्षं स्टेशनरीच्या दुकानात गेली, म्हणून सांगतो. कार्डात कागदाचे पैसे थोडेच असतात. बाकी सगळे सोनेरी छपाईचे, चिकटवलेल्या मण्यांचे आणि आत छापलेल्या चार इंग्रजी ओळींचे. त्या ओळी तुम्हाला नकोच आहेत. तेव्हा दुकानात ‘वाढदिवसाचं कार्ड दाखवा’ म्हणू नका, ‘आतून कोरं काय आहे?’ असं विचारा. पानाफुलांचं कोरं कार्ड पाडव्याला चालतं, ईदला चालतं, शेजारच्या मुलीला नोकरी लागली तरी चालतं.

कोरी कार्डं घ्यायला माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे लग्नपत्रिकांचं दुकान. महाद्वार रोडला खरेदीला जाताच, तिथं किंवा वाटेत जिथं असं दुकान दिसेल तिथं शिरा. आषाढी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबतात, गर्दी नसते, आणि मागच्या सीझनच्या न खपलेल्या डिझाइनचे उरलेसुरले गठ्ठे मालकाला हलवायचे असतात. ‘छपाई नको, नुसतं कार्ड आणि पाकीट द्या’ म्हणा आणि नगावर न जाता शेकड्याचा भाव विचारा. जावा-नणंदांनी मिळून एक गठ्ठा घेतला तर वर्ष निघतं. फक्त डोली, सनई-चौघडा, वधू-वर असली चित्रं टाळा. वेलबुट्टी किंवा साधी किनार निवडा.

ओळखीचा प्रेसवाला असेल तर आणखी सोपं. मोठी शीट कापताना जाड कागदाच्या पट्ट्या उरतात, त्या रद्दीत जातात. मागितल्या तर कुणी नाही म्हणत नाही.

घरी करायची असतील तर आधी पाकीट आणा, मग त्या मापाचं कार्ड कापा. उलटं केलं की कार्ड सुंदर होतं आणि बसेल असं पाकीट गावभर मिळत नाही. ए-फोर आकाराचा 250 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 250 ग्रॅम भरणारा) कार्डशीट मधोमध कापून अर्धा दुमडला की 105 बाय 148 मिलिमीटरचं कार्ड होतं. ते 114 बाय 162 च्या पाकिटात सहज जातं. दुमड घालायची जागा स्टीलच्या पट्टीनं आखा, संपलेल्या बॉलपेनचं टोक त्यावरून दाबून फिरवा आणि मगच दुमडा. असं न करता दुमडलेला जाड कागद घडीवर तडकतो, आत पांढरे धागे दिसतात आणि कार्डाची सगळी शोभा जाते. फोटो लावायचा असेल तर 4 बाय 6 इंची प्रिंट या कार्डापेक्षा लांबीला चार मिलिमीटर जास्त भरते, तेवढी कापा. पातळ डिंकानं फोटो फुगतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा.

संक्रांतीला तिळगुळासोबत द्यायची कार्डं हवीत ना? 22 बाय 28 इंची शीटमधून साडेपाच बाय सात इंचाचे 16 तुकडे निघतात, चिंधीसुद्धा वाया जात नाही.

टपालानं पाठवणार असाल तर वजन बघा. साध्या टपालाचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा. वर सांगितलेलं कार्ड आठ ग्रॅमच्या आत असतं, पाकिटासकट आरामात बसतं. अख्खा ए-फोर दुमडून मोठं कार्ड केलंत आणि कागद 300 जीएसएमचा घेतलात, तर नुसता कागदच पावणेएकोणीस ग्रॅम होतो. पाकीट घातलं की गेलं पुढच्या टप्प्यात!

नववर्षाची कार्डं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घ्या, पण साल छापलेलं नको. आणि दसरा चौकातल्या शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन असेल तेव्हा चक्कर मारा. आपल्या गावात चित्रकलेची पोरं काही कमी नाहीत. एखाद्याकडून रंकाळ्याचं किंवा पन्हाळ्याचं एक रेखाचित्र रीतसर पैसे देऊन घ्या, त्याच्या परवानगीनं झेरॉक्स काढा आणि वर्षभर वापरा. त्याचे पैसे मात्र कापू नका.

प्रश्न : आमच्या आज्जींचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्याचं कार्ड कुठंच नाही. ‘हॅपी बर्थडे’ देणं बरं वाटत नाही.
– एक विद्यार्थिनी, शाहूपुरी

उत्तर : बरं वाटत नाही ते बरोबरच आहे. हजार पौर्णिमा व्हायला जवळजवळ 81 वर्षं लागतात, त्याचं छापील कार्ड कोण काढणार? गडद निळा कार्डशीट घे, पांढऱ्या जेल पेननं वर एकच चंद्र काढ. आतल्या बाजूला पांढरा कागद चिकटव आणि घरातल्या प्रत्येकाकडून आज्जींची एकेक आठवण लिहून घे: कुणाला शिकवलेली भाकरी, कुणासाठी जागवलेली रात्र. अक्षर ठसठशीत, काळ्या शाईत आणि मोठं असू दे, म्हणजे आज्जींना दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागणार नाही. कार्ड मोठं झालं तरी हरकत नाही, हे काही टपालात टाकायचं नाही.