परिशिष्टे आधी वाच

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद.

अरब राष्ट्रे आणि इस्रायल यांच्यातील शांतताप्रयत्नांवरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा काळजीपूर्वक वाचला. मेहनत दिसते, परंतु तुझे प्रत्येक प्रकरण स्वाक्षरीच्या समारंभाने सुरू होते आणि नेत्यांच्या भाषणांवर संपते. माझी सूचना अशी की समारंभाला दोन ओळी पुरेत. कराराच्या शेवटी जोडलेली परिशिष्टे, नकाशे, वेळापत्रके आणि सोबतची पत्रे यांना मात्र पाने दे, कारण काय टिकले आणि काय ढासळले याचा उलगडा बहुतेक वेळा तिथेच होतो.

सुरुवात कैरो-सुएझ रस्त्यावरील किलोमीटर १०१पासून कर. ऑक्टोबर १९७३च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धात इजिप्तचे तिसरे सैन्य इस्रायली वेढ्यात अडकले असताना, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली, तिथल्या तंबूत इजिप्तचे जनरल गमासी आणि इस्रायलचे जनरल यारिव्ह समोरासमोर बसले. ११ नोव्हेंबरला तिथे सही झालेला सहा कलमी करार शब्दशः वाच. सुएझ शहराला रोज अन्न, पाणी आणि औषधे मिळावीत, रस्त्यावरील इस्रायली चौक्यांच्या जागी संयुक्त राष्ट्रांच्या चौक्या याव्यात, माल बिगरलष्करी असल्याची खात्री करून घेताना इस्रायली अधिकाऱ्यांनाही हजर राहता यावे, आणि त्या चौक्या उभ्या राहिल्या की युद्धकैद्यांची अदलाबदल व्हावी, असा मुख्यतः त्याचा आवाका. शांतता, मान्यता, बंधुभाव यांपैकी एकही मोठी गोष्ट त्यात नाही. आणि म्हणूनच, माझ्या मते, तो अमलात आला. पुढे १९७४ आणि १९७५मध्ये इस्रायलने व्यापलेल्या इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पातून सैन्य मागे घेण्याचे जे दोन करार झाले, त्यांत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्या मध्यस्थीच्या विमानफेऱ्यांचा वाटा मोठा आहेच. तथापि त्या तंबूतल्या दोन सेनाधिकाऱ्यांना तू एका वाक्यात उरकलेस, हे मला पटले नाही.

अमेरिकेतील कॅम्प डेव्हिड येथल्या वाटाघाटींकडे वळताना हीच नजर ठेव. सप्टेंबर १९७८मध्ये तेरा दिवस चाललेल्या वाटाघाटींतून दोन आराखडे निघाले: एक इजिप्त आणि इस्रायल यांच्यातील तहाचा, दुसरा पश्चिम किनारा व गाझा येथील पॅलेस्टिनी स्वायत्ततेचा. पहिल्यातून २६ मार्च १९७९चा तह झाला आणि त्याच्या परिशिष्टात सिनाईचे पट्टे पाडून कोणत्या पट्ट्यात किती फौज ठेवायची हे आकड्यांत लिहिले गेले. सुएझ कालव्यालगतच्या पट्ट्यात इजिप्तला जास्तीत जास्त २२,००० सैनिक आणि २३० रणगाडे, तर सीमेलगतच्या पट्ट्यात केवळ नागरी पोलीस. तीन वर्षांची मुदत होती आणि २५ एप्रिल १९८२ला माघार पूर्ण झाली. दुसऱ्या आराखड्याची गत पाहा. त्या भागांतील नव्या इस्रायली वसाहती थांबवण्याचे इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांनी स्वायत्ततेच्या वाटाघाटी संपेपर्यंत मान्य केले, अशी अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांची समजूत होती. बेगिन यांच्या म्हणण्यानुसार ते वचन तीन महिन्यांपुरतेच होते. खरे कोण बोलत होते, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. तू त्या वादात फार गुंतू नकोस. इतकी कळीची गोष्ट मुख्य मसुद्यात न येता पुढे यायच्या पत्रावर का सोडली गेली, हे शोध.

ताबा नावाच्या ठिकाणाचा वाद तुझ्या आराखड्यात नाहीच, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. सगळे सिनाई परत मिळाल्यावरही अकाबाच्या आखाताकाठचा जेमतेम चौरस किलोमीटरभराचा तुकडा अडून राहिला, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी रोवलेल्या सीमास्तंभांपैकी काहींची मूळ जागा कोणती, यावर एकमत नव्हते. तहातच तरतूद होती की अर्थ लावण्यावरून वाद झाला आणि तो बोलणी करून सुटला नाही, तर सामोपचार किंवा लवाद. प्रकरण जिनिव्हातील पाच सदस्यांच्या लवादापुढे गेले, जुने नकाशे आणि छायाचित्रे पुढे आली, आणि २९ सप्टेंबर १९८८ला ताबा इजिप्तच्या बाजूने गेले. तिथे इस्रायली हॉटेल उभे होते. त्याचा मोबदला ठरला आणि मार्च १९८९मध्ये ताबा हस्तांतरित झाले. इजिप्तचे अध्यक्ष सादात यांची हत्या आणि १९८२चे लेबनॉन युद्ध या दोन्ही धक्क्यांनंतरची ही गोष्ट आहे, हे विसरू नकोस.

इस्रायल आणि पॅलेस्टिनी मुक्ती संघटना यांच्यातील ऑस्लो करारांवर तू पुष्कळ लिहिलेस, म्हणून थोडक्यात सांगतो. १९९३च्या घोषणापत्राने जेरुसलेम, निर्वासित, वसाहती आणि सीमा हे प्रश्न अंतिम टप्प्यासाठी राखून ठेवले, आणि तो टप्पा चुकल्यास निवाडा कोणी द्यायचा याची सक्तीची व्यवस्था केली नाही. लवादाकडे जायचे तर दोन्ही पक्षांची संमती हवी होती. इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या हत्येला सगळे अपयश चिकटवणे सोपे आहे, पण मसुद्यातली ही फट त्यांच्या हयातीतलीच होती. २०२०च्या करारांची तुलना १९७९शी करू नकोस: संयुक्त अरब अमिराती आणि बहरीन यांची इस्रायलशी सीमा नाही, परत घ्यायचा भूभाग नाही, त्यामुळे परिशिष्टांचे कामच वेगळे. खरी तुलना हवी असेल तर जॉर्डनच्या १९९४च्या तहातील पाणीवाटपाचे परिशिष्ट घे.

आपल्याकडील वाचकांसाठी एक तळटीप जरूर दे. मुंबईत इस्रायलचा वाणिज्य दूतावास १९५३पासून होता, परंतु भारताने पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२मध्ये, म्हणजे १९९१च्या माद्रिद शांतता परिषदेत अरब प्रतिनिधी इस्रायली प्रतिनिधींसोबत एका टेबलाशी बसल्यानंतर तीनच महिन्यांनी, प्रस्थापित केले.

पहिल्या प्रकरणाचा नवा मसुदा नकाशासह पाठव. त्यावर किलोमीटर १०१, सिनाईतील गिदी व मितला या खिंडी आणि ताबा ठळक दिसले पाहिजेत. बाकी राजधान्यांची नावे नसली तरी चालेल.

तुझा शुभचिंतक