कढई उतरवून ठेव

प्रिय चिनू,

रविवारी रात्री तू जे विचारलंस, त्याचं उत्तर मी दिलं नाही. "झोप आता, उशीर झालाय," म्हणाले आणि दार ओढून घेतलं. उशीर झाला नव्हता. मेलबर्नच्या डिसेंबरात पावणेनऊपर्यंत उजेड असतो, तुझ्या खिडकीवरचा पडदासुद्धा अजून पिवळा दिसत होता. मला उत्तर सुचलं नाही एवढंच. दोन दिवस झाले, सुचत नाहीये. म्हणून लिहायला बसले. मराठीत लिहितेय, कारण हे मला दुसऱ्या भाषेत सांगताच येणार नाही. तू हळूहळू वाच, अडलं तर बाबाला विचार.

तू विचारलंस, "आई, प्रार्थनेला बसल्यावर तू खरंच शांत होतेस, की आम्हाला दाखवायला तशी बसतेस?"

त्या दिवशी दुपारपासून मी काय केलं होतं ते तू पाहिलंच होतंस. अकरा घरांचे डबे भरायचे होते, ऑफिसचं वर्षअखेरचं काम लॅपटॉपवर उघडं होतं, बाबाला विमानतळावर जायचं होतं आणि तुझ्या हातून सारणाचं पातेलं कलंडलं. मी जे बोलले ते पुन्हा लिहीत नाही. तू काही मुद्दाम सांडलं नव्हतंस. आणि मग आठ वाजता मीच हात पुसून, आवाज बदलून, "चला, प्रार्थनेला," म्हणून हाक मारली. तो बदललेला आवाजच तुला टोचला असणार. मला तो ओळखीचा आहे. मी लहानपणी तो माझ्या आईच्या तोंडून ऐकलाय, आणि तुझाच प्रश्न माझ्याही मनात आला होता. फक्त विचारायची माझी हिंमत नव्हती.

तुला मेकोसाबागचं घर आठवतं ते विजूमामाने वरचा मजला बांधल्यानंतरचं. माझ्या वेळी दोन खोल्या आणि मागे पडवी होती. नागपूरच्या थंडीत पहाटे पारा आठ-नऊवर उतरायचा. पडवीत शेगडी ठेवलेली असायची आणि तिच्याभोवती आम्ही संत्री सोलत बसायचो. सालीचा रस निखाऱ्यावर पिळला की चरचर व्हायचं, वास घरभर. नाताळ म्हटलं की आधी मला तो वास आठवतो. केक नंतर.

पण डिसेंबर हा आमच्या घरी सगळ्यात ओढाताणीचा महिना. आजोबा सरकारी इलेक्ट्रिशियन. नागपूरला डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. १९५३ सालच्या नागपूर करारात ठरलं होतं की सरकार वर्षातून काही काळ नागपूरला येऊन बसेल, म्हणून. अख्खं सरकार मुंबईहून येतं. मग आमदार निवासातले गिझर, रविभवनातले दिवे, कुठे काय बंद पडलं की आजोबांना बोलावणं. रस्त्यांवर मोर्चे, बंदोबस्त, सायकल हातात धरून लांबून वळसा घालून ते रात्री दहाला घरी. तुझी आजी दवाखान्यात नर्स. तिच्या बरोबरीच्या पुष्कळ नर्सेस ख्रिस्ती, सगळ्यांनाच नाताळची सुट्टी हवी, त्यामुळे ती मिळावी म्हणून आधीचा आठवडाभर तिला रात्रपाळ्या घ्याव्या लागायच्या.

आणि फराळ! इथे मी अकरा डबे भरते, तिथे गल्लीतली वीस-बावीस घरं असायची. दिवाळीत त्या घरांतून आमच्याकडे चकल्या, अनारसे, चिवडा आलेला असायचा. ताट रिकामं परत द्यायचं नाही ही आपल्याकडची रीत, पण दिवाळीचं ताट खरं परत जायचं ते नाताळात. करंज्या, शंकरपाळे, केकचा तुकडा आणि दोन संत्री, वर क्रोशाचा रुमाल. समोरच्या काकूंकडे, मागच्या गल्लीत बौद्ध विहाराला लागून राहणाऱ्या मावशींकडे, सगळीकडे. ताटात काही कमी पडलं तर आजीच्या जिवाला लागायचं. आपण थोडे लोक, आपल्यात काही कमी दिसू नये, असं तिच्या मनात कुठेतरी असणार. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. मीही तुला आत्ताच पहिल्यांदा सांगतेय. मी त्या अकरा डब्यांसाठी का एवढी हातघाईवर येते, त्याचं मूळ तिथे असेल का?

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. २३ डिसेंबरची रात्र. आजी पाळी संपवून सकाळी आली होती, दुपारी तासभर पडली आणि उठून करंज्यांना लागली. बेबीआत्या येणार होती, ती आली नाही. विजूला ताप. आजोबांचा पत्ता नाही. मी पाऱ्या लाटत होते, जाड झाल्या म्हणून आजीने माझ्या हातातलं लाटणं ओढून घेतलं आणि मोरीकडे भिरकावलं. ते आपटलं, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी रडले नाही. आजीच्या हातांकडे बघत राहिले. बोटांच्या सांध्यांवर मैदा वाळून भेगा पडल्या होत्या, आणि त्या भेगांतून दवाखान्यातल्या डेटॉलने लाल झालेली कातडी दिसत होती.

तेवढ्यात पडवीतून माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, जिला आम्ही मोठी आई म्हणायचो, ती आली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने लाटणं उचललं, पदराला पुसलं, ओट्यावर ठेवलं आणि आजीला म्हणाली, "बस व माय. उतरवून ठेव ते कढई. पळून नाही चालली ते."

"अजून चाळीस व्हायच्यात," आजी म्हणाली.

"देवाले करंज्या नाई लागत. बस."

गॅस बंद झाला. भरलेल्या पण न मुरडलेल्या करंज्यांवर ओलं फडकं टाकलं. चटई अंथरली. मोठी आई टाळ घेऊन बसली. घरच्या प्रार्थनेत तिला इंग्रजी चालीवरची गीतं फारशी आवडायची नाहीत, ती देवळात पेटीवर ठीक म्हणायची. (आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो, तू हसतेस, पण मला तो शब्द सोडवत नाही.) घरी मात्र रेव्हरंड टिळकांची भजनं. ना. वा. टिळक आपल्या नागपुरात राहत होते, हे आजोबा आम्हाला दर वेळी स्टेशनवर गेलो की सांगायचे. इथूनच राजनांदगावच्या गाडीत बसले, गाडीत एका गोऱ्या माणसाशी बोलणं झालं, त्याने त्यांना नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा भाग, दिला, आणि १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी येशूला अभंगात आणलं, म्हणून मोठी आईसारखी निरक्षर बाई त्याला टाळावर गाऊ शकली.

आजोबा टिळकांची गोष्ट सांगायचे आणि मोठी आई लक्ष्मीबाईंची. तिला लक्ष्मीबाईंचंच कौतुक. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून ती काही लगेच मागे गेली नाही, १९०० साल उजाडलं तिचा बाप्तिस्मा व्हायला. "तिचं तिले समजलं तवा आली," मोठी आई म्हणायची. हे मी तुला का सांगतेय ते पुढे येईल.

त्या रात्री मोठी आईचं दुसरं भजन चालू असताना तुझी आजी बसल्या जागी झोपली. मान भिंतीला, तोंड उघडं, मैद्याचे हात मांडीवर उताणे. मी तिला हलवायला गेले तर मोठी आईने टाळ थांबवला नाही, नुसतं डोळ्यांनी मला "नको" म्हटलं. आणि ती गातच राहिली, आवाज मात्र खाली आणून. किती वेळ गेला कळलं नाही. आजोबा आले, दारातच चपला काढून उभे राहिले, बघितलं, आणि आवाज न करता चटईच्या कडेला बसले. मग त्यांनी प्रार्थना केली, अगदी छोटी. त्यात योसेफाचा, येशूच्या आईच्या नवऱ्याचा, उल्लेख होता. त्यालाही सरकारी हुकमानेच नावनिशीसाठी दिवस भरलेल्या बायकोला घेऊन घर सोडावं लागलं होतं. आजोबा दर डिसेंबरात त्याची आठवण काढायचे. मला वाटतं, त्यांना तो आपला माणूस वाटायचा.

आता खरं सांगते, कारण तू खरं विचारलंस. आजी जागी झाली आणि पंधरा मिनिटांत पुन्हा ओरडली. करंज्या वाळल्या होत्या, कडा चिकटेनात, तेलात फुटल्या, सारण जळून तेल काळं झालं. ती मोठी आईवरसुद्धा ओरडली. मी अंथरुणात पडून विचार करत होते की मग त्या अर्ध्या तासाचा उपयोग काय झाला? भिंतीवरच्या वचनांच्या कॅलेंडरवर बायबलमधली, योहानाच्या चौदाव्या अध्यायातली ओळ होती, शांतीची: "जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही." मला वाटलं, आमच्या घरी तर जग देतं तशीही नाही आणि ही दुसरीही नाही.

ते बोलणं येशूने कधी केलं हे मला फार उशिरा लक्षात आलं. शेवटच्या जेवणाच्या रात्री. बाहेर त्याला धरायची तयारी चाललेली, ताटावर बसलेल्यांतला एक जण उठून गेलेला. सगळं निवांत होतं म्हणून त्याने शांतीचं नाव काढलं नव्हतं. याच्या पुढे मी जात नाही. तुला शास्त्र शिकवायला हे पत्र नाही.

काल मी आजीला फोन केला. तिला तुझा प्रश्न जसाच्या तसा सांगितला, आणि ती रात्र आठवते का विचारलं. लाटण्याचं तिला आठवत नव्हतं. झोपल्याचं आठवत होतं. मी विचारलं, "तेव्हा तुला शांत वाटलं होतं का गं?" ती जरा थांबली. म्हणाली, "शांत कुठली, पाय ठणकत होते. पण तेवढा वेळ माझ्याकडे कुणी काही मागत नव्हतं बघ. देवसुद्धा नाही."

मग ती म्हणाली, "चिनूवर चिडू नको. बरं विचारलं तिनं."

मी चिडले नव्हते, चिनू. मला लागलं होतं. आणि फोन ठेवल्यावर जास्त लागलं. कारण मोठी आईने माझ्या आईच्या हातातलं काम काढून घेऊन तिला बसवलं होतं. मी मात्र रविवारी तुझ्यावर ओरडून, तुझ्या अंगावर आणखी एक काम टाकल्यासारखं तुला प्रार्थनेला बोलावलं. पाठ ताठ ठेव, फोन बाजूला ठेव, डोळे मीट. तू बसलीस तेही माझ्याच धाकाने. तसं बसलेल्या मुलीला आईचा शांत आवाज खोटा वाटला तर तिचं काय चुकलं?

मी दाखवायला बसते का? थोडी बसत असेन. आपलं काहीतरी तुझ्यापर्यंत पोचावं, या देशात ते माझ्याबरोबरच संपू नये, अशी भीती मला असते आणि ती आवाजात येते. इथे नाताळ सगळ्यांचाच आहे, दुकानात नोव्हेंबरपासून आहे, पण त्यात आपला टाळ नाही, चटई नाही. पण सगळंच दाखवायला नाही. डोळे मिटले की पहिली काही मिनिटं माझ्या डोक्यात डबेच असतात, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाकडे कधी जायचं. मग कधीतरी, रोज नाही, मोठी आईचा खाली आणलेला आवाज येतो आणि माझे खांदे उतरतात. तेवढंच होतं. त्याला मी प्रभूची शांती म्हणते, कारण मला ती त्याच्याच नावाने मिळाली. तू तिला दुसरं काही म्हण, किंवा अजून काहीच म्हणू नको. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली, आणि त्या तर मोठ्या बाई होत्या.

उद्या चोवीस तारीख. मी सहा डब्यांवर थांबणार आहे, उरलेल्या पाच घरी नुसता फोन करेन. ते मला जड जातंय हे तुला दिसेल, दिसू दे. आठ वाजता मी चटई टाकेन आणि हाक मारणार नाही. आजीला फोन लावून ठेवेन, तिथे दुपारचे अडीच असतील, ती जेवून पडलेली असेल, पण ती म्हणालीये की मोठी आईचं ते दुसरं भजन ती म्हणेल. तिला सगळी कडवी आठवत नाहीत, मला मधलं एक येतं.

तू खोलीत बसलीस तरी ऐकू येईल. आलीस तर उशी घेऊन ये, आणि झोप लागली तर झोप. मी कुणाला तुला उठवू देणार नाही.

तू भरलेल्या चार करंज्या फ्रिजमध्ये ओल्या फडक्याखाली आहेत. त्यांच्या कडा मी मुरडलेल्या नाहीत.

तुझी,
आई