थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या नियमात फिजिक्समध्ये वजा आणि केमिस्ट्रीत अधिक का असतं? खरं कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात ‘डेल्टा यू = क्यू − डब्ल्यू’ दिलंय आणि केमिस्ट्रीच्या पुस्तकात ‘डेल्टा यू = क्यू + डब्ल्यू’ (यू म्हणजे वायूची आंतरिक ऊर्जा, डेल्टा म्हणजे तिच्यातला बदल, क्यू म्हणजे उष्णता आणि डब्ल्यू म्हणजे कार्य). वायूला ५०० जूल उष्णता दिली, वायूने २०० जूल कार्य केलं, तर एका सूत्राने ३०० येतात आणि दुसऱ्याने ७००. यातलं खरं कोणतं?

३०० खरं, आणि दोन्ही पुस्तकांप्रमाणे ३००च येतं. सूत्र एका पुस्तकातलं घेतलंस आणि डब्ल्यूचा अर्थ दुसऱ्या पुस्तकातला, म्हणून ७०० आले. बारावीत आहेस म्हणून ‘तू’च म्हणतो. मी सांगलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, आणि हा प्रश्न दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच. विचारलेला मला फार आवडतो, कारण जी मुलं विचारत नाहीत ती दोन्ही सूत्रं पाठ करतात आणि परीक्षेत त्यांची सरमिसळ करून येतात.

हा धडा येतो त्या दिवसांत आमच्याकडे पाऊस लागलेला असतो आणि घराघरांत एकच चौकशी चालते, कोयनेत आवक किती आणि विसर्ग किती. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे दोन शब्द कुणी शिकवावे लागत नाहीत. म्हणून मी फळ्यावर आधी धरणच काढतो.

समज, आवक ५०,००० क्युसेक आहे आणि विसर्ग ३०,००० (हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी घेतलेले आकडे). बातमीत दोन्ही आकडे अधिकच येतात. विसर्ग ‘उणे तीस हजार’ असं कुणी सांगत नाही, कारण विसर्ग या शब्दातच पाणी बाहेर जातंय हे आलं. साठ्यात भर किती पडणार ते काढायला आपण वजाबाकी करतो, २०,००० क्युसेक. चोवीस तास असंच चाललं तर साधारण पावणेदोन टीएमसी. फिजिक्सचं पुस्तक नेमकं हेच करतं. क्यू ही आवक, डब्ल्यू हा विसर्ग आणि डेल्टा यू ही साठ्यातली भर. डब्ल्यू म्हणजे तिथे ‘वायूने बाहेरच्यावर केलेलं कार्य’.

आता दुसरा कारकून ठरवतो की वहीत रकाना एकच ठेवायचा, ‘आत आलेलं’. बाहेर गेलं तेही त्याच रकान्यात, पण उणे चिन्ह लावून. त्याच्या वहीत ५०,००० आणि उणे ३०,००० अशा दोन नोंदी पडतील. त्यांची बेरीज केली की २०,०००. ही केमिस्ट्रीची पद्धत. तिथे डब्ल्यू म्हणजे ‘वायूवर केलेलं कार्य’, त्यामुळे वायूने स्वतः २०० जूल कार्य केलं असेल तर डब्ल्यू उणे २०० लिहायचा. ५०० अधिक उणे २००, म्हणजे ३००. या कारकुनाची बेरीज घेतली आणि विसर्ग मात्र बातमीतला तसाच अधिक ठेवला, तर धरणात ८०,००० ची भर पडल्याचं दिसेल. तुझे ७०० जूल असेच आलेत.

क्यूचं चिन्ह दोन्हीकडे सारखंच आहे, हे मुद्दाम बघून घे. आत दिलेली उष्णता अधिक, बाहेर गेलेली उणे. मतभेद फक्त कार्याबद्दल आहे, आणि त्याला कारण आहे. हा नियम घडला वाफेच्या इंजिनांच्या काळात. १८४० च्या दशकात मेयर आणि जूल या शास्त्रज्ञांनी उष्णता आणि कार्य यांचं नातं दाखवलं, १८५० मध्ये क्लॉसियसने ते सूत्रात बसवलं. इंजिनवाल्याला कोळसा जाळून उष्णता आत घालायची असते आणि कार्य बाहेर काढून घ्यायचं असतं. त्याचं सगळं लक्ष बाहेर मिळालेल्या कार्याकडे, म्हणून तेच त्याने अधिक धरलं. रसायनवाल्याचं लक्ष मात्र चंचुपात्रातल्या मिश्रणाकडे. त्या मिश्रणात जे जे येईल ते अधिक आणि जे जाईल ते उणे, असा सरळ नेम त्याला सोयीचा. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचीही शिफारस हीच आहे. माझं स्वतःचं मत विचारशील तर केमिस्ट्रीचा नेम जास्त स्वच्छ आहे, उष्णतेला एक न्याय आणि कार्याला दुसरा असा भेद त्यात नाही. तरी फिजिक्सच्या पेपरात फिजिक्सचाच वापर.

धरण मी आणखी एका कारणासाठी काढतो. ‘पाण्यात उष्णता साठलेली असते’ असं मुलं लिहितात, तेव्हा मला थांबून बोलावंच लागतं. नवजाला पडलेला पाऊस आणि महाबळेश्वरला पडलेला पाऊस एकाच जलाशयात येतो. एकदा पाणी साठ्यात मिसळलं की अमुक पाणी नवजाचं आणि तमुक महाबळेश्वरचं असं वेगळं काढता येत नाही. साठ्याला फक्त पातळी असते. आंतरिक ऊर्जेचंही तसंच. तिच्यात उष्णतेने भर घातली की कार्याने, हे नंतर वायूकडे बघून कळत नाही. जूलने पाण्यात वल्ही फिरवून, म्हणजे निव्वळ कार्य करून, पाणी तापवून दाखवलं होतं. तेवढंच पाणी चुलीवर ठेवून तेवढंच तापवलं असतं, तर दोन भांड्यांत काहीही फरक सापडला नसता. उष्णता आणि कार्य ही आवक-जावकीची नावं आहेत, साठ्याची नव्हेत. म्हणूनच डेल्टा लागतो तो यूला. क्यू आणि डब्ल्यू किती हे वाट कोणती घेतली त्यावर ठरतं. काही पुस्तकं क्यू-डब्ल्यूलाही डेल्टा लावतात, पण तिथेही त्याचा अर्थ ‘दिलेली रक्कम’ एवढाच घ्यायचा.

आता खरे आकडे घेऊन बघू. आपल्या भागात हंगामात गुऱ्हाळं लागतात. चुलवाणात चिपाडं जळत असतात आणि काहिलीतल्या उसाच्या रसातून वाफेचे लोट निघत असतात. त्या वाफेतलं एक ग्रॅम पाणी धरू. १०० अंशाला, समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाखाली, ते वाफ होताना सुमारे २२५६ जूल उष्णता घेतं. (सांगली साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे शुद्ध पाणी इथे दोनेक अंश आधीच उकळतं, आणि रसातल्या साखरेमुळे उत्कलनबिंदू पुन्हा वर सरकतो. आपण पुस्तकी आकडेच घेऊ.) एक घन सेंटिमीटर पाण्याची सुमारे १६७१ घन सेंटिमीटर वाफ होते. एवढी जागा करायला तिला वरची हवा ढकलावी लागते. १.०१३ × १०५ पास्कल असं घाईत लिहू नकोस, पाच हा घातांक आहे, म्हणजे दाब १,०१,३०० पास्कल. त्याला आकारमानातल्या वाढीने, ०.००१६७ घनमीटरने गुणलं की सुमारे १६९ जूल.

हवा ढकलली वाफेने, म्हणजे कार्य प्रणालीने केलं. फिजिक्समध्ये डब्ल्यू अधिक १६९, आणि २२५६ वजा १६९ बरोबर २०८७ जूल. केमिस्ट्रीत डब्ल्यू उणे १६९, आणि २२५६ अधिक उणे १६९ बरोबर पुन्हा २०८७. केमिस्ट्रीच्या पुस्तकात डब्ल्यूच्या सूत्रात ‘उणे पी डेल्टा व्ही’ असा उणे आधीच बसवलेला असतो. काही मुलं हा उणे घेतात आणि वर ‘प्रणालीने कार्य केलं’ म्हणून आणखी एक उणे लावतात. दोन उणे मिळून अधिक होतो आणि २४२५ येतात. बारावीत असताना केमिस्ट्रीच्या एका चाचणीत मी स्वतः हेच उत्तर लिहून आलो होतो. पेपरवर लाल फुली मिळाली, चूक कुठे झाली ते कुणी सांगितलं नाही, आणि पुढे कितीतरी दिवस मला वाटत राहिलं की दोन विषयांत निसर्गच वेगळा आहे. एवढं लांबवून लिहितोय ते त्यासाठीच.

त्या २२५६ ला केमिस्ट्रीत एन्थाल्पीतला बदल म्हणतात. दाब स्थिर असताना दिलेली उष्णता ती हीच. तिच्यातले १६९ जूल हवा सारण्यात गेले, आणि वाफेच्या आंतरिक ऊर्जेत भर पडली २०८७ ची.

उलट्या दिशेचं उदाहरणही एकदा करून टाक. विहिरीवरच्या डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. आत घेतलेली हवा समज दाबून मूळ आकारमानाच्या अठराव्या भागात आणली, तेही इतक्या झपाट्याने की उष्णता बाहेर जायला वेळच मिळाला नाही. मग क्यू शून्य. सुरुवातीला २७ अंश असलेली हवा आदर्श हिशेबाने सुमारे ६८० अंशांपर्यंत तापते. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती थोडी उष्णता खातात म्हणून कमी, तरी डिझेल आपोआप पेटायला ती पुरते. इथे कार्य हवेवर झालं. फिजिक्समध्ये डब्ल्यू उणे, आणि शून्य वजा उणे म्हणजे अधिक. केमिस्ट्रीत डब्ल्यू मुळातच अधिक. हवा तापली हे दोघांनाही मान्य.

परीक्षेचं म्हणशील, तर राज्य मंडळ, सीईटी, नीट, जेईई सगळीकडे फिजिक्सला फिजिक्सचं आणि केमिस्ट्रीला केमिस्ट्रीचं सूत्र धरून चाल. (एनसीईआरटीच्या फिजिक्समध्ये ते ‘डेल्टा क्यू = डेल्टा यू + डेल्टा डब्ल्यू’ असं दिसेल. तेच आहे, फक्त बाजू बदललीय.) गणित सोडवायच्या आधी वहीत एक ओळ लिही, ‘डब्ल्यू = वायूने केलेलं’ किंवा ‘डब्ल्यू = वायूवर केलेलं’. मग प्रश्नातलं ‘ने’ आणि ‘वर’ शोध, त्याखाली रेघ मार, आणि त्यानंतरच आकड्याला चिन्ह दे.