चोविसाव्या वर्षी आईची भूमिका

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. एका दैनंदिन मालिकेत नायकाच्या आईची भूमिका तुझ्याकडे चालून आली आहे, वय तुझे अवघे चोवीस, आणि ती स्वीकारली तर कपाळावर कायमचा शिक्का बसेल, नाकारली तर घरभाड्याची पंचाईत होईल, अशा कात्रीत तू सापडली आहेस. संहिता मी वाचलेली नसल्यामुळे ‘हो म्हण’ किंवा ‘नको म्हण’ असे काहीच इथे बसून सांगणार नाही. मात्र उत्तर कळवण्याआधी जुन्या पिढीतल्या अभिनेत्री दुर्गा खोटे यांची कारकीर्द एकदा बारकाईने पाहा, असा माझा आग्रह आहे. नायिकेपासून सासूपर्यंतचे अंतर त्यांनी काही थोड्या वर्षांत कापले, आणि तरीही त्यांचे नाव छोट्या अक्षरांत गेले नाही.

त्यांच्या सुरुवातीविषयी तू ऐकले असशीलच. जन्म १९०५चा, वडील मुंबईतले नामवंत सॉलिसिटर पांडुरंग शामराव लाड, शिक्षण सेंट झेवियर्स कॉलेजमधले, सासर सधन. पुढे सासरची आर्थिक घडी कोलमडली आणि दोन लहान मुलांची आई असताना त्यांनी बोलपटात पाऊल टाकले. १९३१ सालच्या ‘फरेबी जाल’मधल्या लहानशा कामाने पदरी बोलणीच आली, परंतु पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीच्या पहिल्या बोलपटात, ‘अयोध्येचा राजा’मध्ये, दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी त्यांना हरिश्चंद्राच्या राणीची, तारामतीची, भूमिका दिली आणि चित्र पालटले. ही हकीकत नेहमी धाडसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि धाडस होतेच. पण कुलीन घरातली शिकलेली बाई पडद्यावर आली याचे जे कौतुक झाले, ते गाण्याबजावण्याच्या परंपरेतून आलेल्या आणि त्यांच्याआधी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या कित्येक स्त्रियांच्या वाट्याला आले नाही, हेही तुला ठाऊक असावे. आदर्श मानायचे तर डोळे उघडे ठेवून मानावे.

आता मुद्द्याकडे येतो. तारामती ही मोठी भूमिका होती, त्या काळी पार्श्वगायनाची सोय नसल्याने त्यातली गाणीही दुर्गाबाईंनीच गायिली; पण नीट पाहिलेस तर कथेतले वचन हरिश्चंद्राचे आहे, आणि तारामतीच्या वाट्याला ते निभावण्याचे दुःख आले आहे. त्याच्या उलट १९३६ सालच्या ‘अमर ज्योती’मधली सौदामिनी घे. कायदा तिला तिच्या मुलाचा ताबा नाकारतो आणि ती चाचेगिरीचा मार्ग पत्करून राज्याच्या न्यायमंत्र्यावरच सूड उगवते. इथे कथेचे सुकाणू तिच्या हातात आहे. दोन्ही भूमिका नायिकेच्याच, दोन्हींत ती आईच. फरक आहे तो निर्णय कोण घेते याचा.

हा फरक मनाशी धरून पुढची वर्षे पाहा. १९४१ साली ‘पायाची दासी’मध्ये सून होती वनमाला, आणि सुनेला छळणारी सासू होत्या दुर्गा खोटे. वय छत्तीस. सौदामिनीला उणीपुरी पाच वर्षे झाली होती. त्यानंतरच्याच वर्षी ‘भरत मिलाप’मध्ये सीता झाल्या शोभना समर्थ आणि कैकेयी झाल्या त्या. १९३४ साली देवकी बोस यांच्या ‘सीता’मध्ये ज्यांनी स्वतः सीता साकारली होती, त्यांनी आठ वर्षांत त्याच रामकथेतली सर्वांत नावडती स्त्री पत्करली. वरवर पाहणाऱ्याला ही घसरण वाटेल. मला ती अतिशय चोख निवड वाटते, कारण सीतेला वनवास घडतो आणि कैकेयी तो घडवते. हट्ट, मत्सर, पोटच्या पोरासाठीची हाव, आणि तो पोरगाच तोंड फिरवतो तेव्हाची वाताहत, एवढे सगळे एका व्यक्तिरेखेत करायला मिळत असेल तर नटीने आणखी काय मागावे? रंगभूमीवर त्यांनी ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई उभी केली आणि ‘राजमुकुट’मध्ये मॅक्बेथच्या पत्नीचा मराठी अवतारही केला. त्या दोघीही हाताची घडी घालून बसणाऱ्या नव्हेत.

तेव्हा तुला मिळालेल्या पानांत वय शोधू नकोस. ‘ही बाई इथे वेगळे वागली असती तर गोष्ट पुढे गेली असती का?’ असे प्रत्येक प्रवेशापाशी थांबून विचार. पुष्कळ प्रवेशांत उत्तर ‘हो, आरामात’ असे येईल. मालिकांतल्या बहुतेक आया चहा आणतात आणि दाराआडून ऐकतात. पण एका जरी ठिकाणी गोष्ट तिच्यापाशी अडत असेल, तर त्या भूमिकेत जीव आहे असे समज.

लांबीचाही फारसा विचार करू नकोस. ‘बॉबी’ तू पाहिलाच असशील. त्यात दुर्गाबाई मिसेस ब्रिगांझा झाल्या आहेत, राजाला लहानपणी सांभाळलेली बाई. त्याच्या वाढदिवसाच्या मेजवानीला ती नातीला, बॉबीला, घेऊन येते, त्या श्रीमंती थाटात तिची कोणी पत्रास ठेवत नाही, आणि ती आल्या पावली परत जाते. प्रसंग मोजक्या मिनिटांचा. परंतु ती परत गेली म्हणून राजा तिच्या घरी जातो, आणि दार उघडते बॉबी. सगळा चित्रपट त्या म्हातारीच्या परत फिरण्यावर उभा आहे. हा प्रवेश आवाज बंद करून एकदा बघ. उत्साहाने आलेली बाई आपली जागा ओळखून कशी आवरते घेते, हे कळायला तुला एकही संवाद लागणार नाही.

‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई मात्र माझ्या या कसोटीत सहजी बसत नाही, हे कबूल करायला हवे. तिथे निर्णय अकबराचा असतो किंवा सलीमचा. पती आणि पुत्र एकमेकांविरुद्ध रणांगणात उभे असताना त्या दोघांच्या हट्टाची किंमत कोण मोजते, हे मात्र प्रेक्षक जोधेच्या चेहऱ्यावर वाचतो, आणि पृथ्वीराज कपूर व दिलीपकुमार यांच्यासमोर तो चेहरा नजरेत भरावा लागतो. अशी भूमिका पेलायला हाताशी वर्षे असावी लागतात. १९६० साली त्या पंचावन्न वर्षांच्या होत्या. त्यामुळे तू आत्ताच तिच्या मागे लागू नकोस.

त्यांच्या दोनशेच्या घरातल्या चित्रपटांत केवळ पोटापाण्यासाठी केलेली कामेही आहेत, पांढऱ्या साडीतल्या आया आणि आज्या, ज्यांची नावेही कोणाला आठवत नाहीत. त्यात कमीपणा काहीच नाही. पण त्यांनी एक गोष्ट फार आधी ओळखली होती: नट एका कंपनीचा पगारी नोकर असण्याच्या त्या काळात त्या एकाच दावणीला बांधून राहिल्या नाहीत. प्रभातचे काम केले, कलकत्त्याला जाऊन ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’ केले, पुन्हा ‘अमर ज्योती’साठी प्रभातकडे आल्या. पुढे स्वतःची निर्मितीसंस्था काढली. दूरदर्शनवरची ‘वागळे की दुनिया’ तिथलीच. ‘बिदाई’साठी सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर मिळाले तेव्हा त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या, आणि १९८३ सालचा फाळके पुरस्कार त्यानंतरचा.

म्हणून भूमिकेइतकाच करार नीट वाच. इतरत्र काम करायला मज्जाव करणारे कलम आहे का, असल्यास किती काळाचे, महिन्याला किमान किती दिवसांच्या कामाची हमी आहे आणि नाटकाच्या प्रयोगांसाठी तारखा सुटतील का, हे लेखी घे. निर्मितीव्यवस्थापक तोंडी ‘बघू, ॲडजस्ट करू’ म्हणेल. त्यावर विसंबू नकोस. शिक्का बसायचा तो आईच्या भूमिकेने बसत नाही, दुसरे काही करायला हातपाय मोकळे नसले की बसतो. कथेतल्या काळाची उडी कधी आहे तेही विचार, कारण उडीनंतर नायकाची आई आजी होते किंवा भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत जाते.

पहिल्या वीस भागांचा आराखडा मागून घे आणि मला पाठव. सोबत करार असेल तर तोही. लूक टेस्टला केस पांढरे करायचे म्हणाले तर करू दे, पण आवाज मुद्दाम म्हातारा काढू नकोस.

तुझा हितचिंतक