नव्या काउंटी कोर्टाने शेजारच्या जुन्या दगडी कोर्टासारखंच दिसायला हवं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत काउंटीचं, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचं, नवं जस्टिस सेंटर (कोर्टाची इमारत) उभारताना जुन्या कोर्टाच्या कमानी, मनोरे तसेच उचलावेत का. माझं उत्तर, नाही. मी पिट्सबर्गमध्ये आर्किटेक्ट आहे. असं काम आलं की आधी इथलं ॲलेगेनी काउंटीचं कोर्ट बघायला पाठवतो. हेन्री हॉब्सन रिचर्डसनचं डिझाइन. 1888 मध्ये पुरं झालं, तो बिचारा 1886 मध्येच गेला. लोक तो खडबडीत ग्रॅनाइट आणि त्या भल्यामोठ्या कमानी बघून येतात आणि म्हणतात, "बस, असंच करा!"

खरी करामत आत आहे. तेव्हा शहरात कोळशाचा धूर इतका, की रिचर्डसनने पुढचा उंच मनोरा वरची स्वच्छ हवा ओढायला वापरला आणि मागच्या मनोऱ्यांतून कोंदट हवा बाहेर काढली. उजेडासाठी मधोमध मोकळा चौक. तुरुंग पलीकडे, म्हणून आरोपींची ने-आण रस्त्यावरून न करता वरच्या बंदिस्त दगडी पुलावरून.

आजचे नकाशे अडतात ते याच पुलापाशी. न्यायाधीश, कोठडीतले आरोपी आणि पब्लिक यांच्या वाटा कोर्टरूममध्ये शिरेपर्यंत कुठेही एकत्र येता कामा नयेत. जिने, लिफ्ट, सगळं तिप्पट. हे सुटलेलं नसताना दर्शनी भिंतीला पातळ ग्रॅनाइट चिकटवून कमान काढणं म्हणजे निव्वळ रंगरंगोटी. घ्यायचंच असेल तर जुन्या इमारतीची उंची, रस्त्यापासूनचं अंतर, खिडक्यांची खोली आणि चौक घ्या.

प्रवेशाकडेही नीट बघा. इथे नंतर कोर्टासमोरचा रस्ता, ग्रँट स्ट्रीट, खोल खणून खाली नेला आणि तळघराचा मजला रस्त्याच्या पातळीला आला; रिचर्डसनचा दरवाजा वरच राहिला. आता तर झडतीची रांगही असते. तिला सुरुवातीपासूनच ऐसपैस जागा ठेवा, नाहीतर ती उद्या एखाद्या सुंदर दालनात तंबू ठोकेल.

आणि मुळात सगळं नवंच बांधायचंय का? इथला जुना तुरुंग 1995 मध्ये बंद झाला, आणि 2000 पासून त्यात फॅमिली कोर्ट भरतं. घटस्फोट, मुलांचा ताबा, दत्तक असल्या कामांत कोठडीतून आणलेले आरोपी फारसे नसतात. तिथे तिसऱ्या वाटेचा खर्च बराच वाचतो. तुमच्या काउंटीतली जुनी इमारत रिकामी होणार असेल, तर आधी तिचे मूळ नकाशे मागवा.