अर्ज गेला, चुका आता दिसल्या

पत्र अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका वडिलांचं आहे. मुलीने एम.डी.साठीचा (तिथली डॉक्टरकीची पहिली पदवी) अर्ज ॲमकासमार्फत, म्हणजे तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामाईक अर्जयंत्रणेमार्फत, १२ सप्टेंबरला पाठवला. आठवड्याने छापील प्रत वाचताना तीन चुका सापडल्या. हॉस्पिटलमधल्या सेवेचे तास ४० ऐवजी ४०० पडलेत. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेला गणिताचा एक कोर्स भरायचाच राहिला. आणि वैयक्तिक निवेदनात एका प्राध्यापकांच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय. ते विचारतात, "अर्ज मागे घेऊन नव्याने भरावा का? मी स्वतः कॉलेजांना फोन करू का? की हे वर्ष सोडून द्यावं?"

सप्रेम नमस्कार,

अर्ज मागे घेऊ नका. मागे घेतलेला अर्ज त्याच वर्षी पुन्हा भरता येत नाही, म्हणजे चूक दुरुस्त होण्याऐवजी वर्ष मात्र जाईल. फोनही तुम्ही करू नका. प्रवेश कार्यालयं अर्जदाराशीच बोलतात, आणि पालकांनी केलेली चौकशी मुलीच्या बाजूने धरली जात नाही. जे काही लिहायचं, बोलायचं ते तिनेच.

आता चुकांकडे. तिन्ही एका मापाच्या नाहीत, म्हणून तिन्हींचा उपायही वेगळा आहे. प्रत्येक चुकीला एकच प्रश्न लावायचा: ही वाचून कॉलेजच्या प्रवेश समितीचा तिच्याबद्दल खोटा समज होईल का?

स्पेलिंगने होत नाही. निवेदन पाठवल्यावर बदलता येत नाही, आणि त्या एका अक्षरासाठी वीस कॉलेजांना पत्र लिहिलं तर जी चूक कुणाच्या नजरेत आली नसती तिच्यावर तुम्हीच बोट ठेवल्यासारखं होतं. ती सोडून द्या.

कोर्सचं प्रकरण तातडीचं आहे, आणि ते कॉलेजांकडे नाही, थेट ॲमकासकडे न्यायचं. अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या ज्या ज्या महाविद्यालयात नाव नोंदवलं, त्या प्रत्येकाचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, ॲमकासला लागतं. हायस्कूलमध्ये असताना केलेला कोर्स असो, अर्धवट सोडलेला असो, किंवा त्याचे क्रेडिट्स पुढे कुठे धरले गेले नसोत, नियम तोच. पुष्कळ मुलं इथेच फसतात, कारण तो कोर्स त्यांच्या विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर 'ट्रान्सफर क्रेडिट' म्हणून दिसतो आणि तेवढं पुरे असं वाटतं. ते पुरत नाही. शिवाय गणित हा विज्ञानाच्या वेगळ्या सरासरीत जीवशास्त्र, रसायन आणि भौतिकशास्त्राबरोबर धरला जातो, त्यामुळे त्या एका ग्रेडने एकूण आणि विज्ञानाची अशा दोन्ही सरासरी हलतात. अर्ज ट्रान्सक्रिप्टशी ताडून पडताळणाऱ्या ॲमकासच्या कर्मचाऱ्याला खूप कोर्स गहाळ किंवा चुकीचे दिसले तर अर्ज परत येतो आणि आठवडे वाया जातात. सप्टेंबरात ते परवडणारं नाही.

म्हणून आजच तिने तीन गोष्टी कराव्यात. ॲमकासला तिचा एएएमसी आयडी (अर्जदाराचा ओळख क्रमांक) देऊन संदेश पाठवावा: कोणतं महाविद्यालय राहिलं, कोणत्या सत्रातला कोर्स, किती क्रेडिट्स, कोणती ग्रेड. दुसरं, शैक्षणिक बदलाची रीतसर विनंती करावी, कारण कोर्सची नोंद अर्जदाराला आता स्वतः उघडता येत नाही. तिसरं, त्या कम्युनिटी कॉलेजकडून ट्रान्सक्रिप्ट थेट ॲमकासला पाठवायला सांगावं. ट्रान्सक्रिप्टवर तेव्हाचं नाव वेगळं असेल, तर अर्जातल्या 'पर्यायी नाव' या रकान्यात तेही असायला हवं. तो रकाना पाठवल्यानंतरही बदलता येतो. कागद नावाशी न जुळल्याने अडकून पडणं हा नेहमीचा घोळ आहे.

तासांची चूक सगळ्यांत गंभीर, जरी ती एका शून्याची असली तरी. ४० चे ४०० झाले की तिच्याबद्दलचा समज बदलतो, आणि तोही तिच्या फायद्याचा. अर्जातल्या प्रत्येक ॲक्टिव्हिटीसोबत (सेवा, काम अशा अनुभवाच्या नोंदीसोबत) संपर्काच्या व्यक्तीचं नाव दिलेलं असतं, कॉलेज विचारू शकतं. कुणी विचारण्याआधी तिने सांगितलं तर ती टंकलेखनाची चूक राहते. नंतर सापडली तर तो प्रामाणिकपणाचा प्रश्न होतो, आणि वैद्यकीय क्षेत्रात त्याची किंमत फार मोठी असते.

ॲक्टिव्हिटीज आता दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून दुरुस्ती कॉलेजनिहाय कळवायची. पोर्टलवर अपडेटची सोय असेल तिथे पोर्टलवर, नसेल तर प्रवेश कार्यालयाच्या ईमेलवर. काही कॉलेजं असं काही स्वीकारतच नाहीत, तिथे सेकंडरी अर्जात (प्रत्येक कॉलेज नंतर स्वतंत्रपणे मागवतं तो पुरवणी अर्ज) 'आणखी काही सांगायचं आहे का' या प्रश्नाखाली. मजकूर चार ओळींचा असावा: नाव आणि एएएमसी आयडी, कोणत्या नोंदीत चूक आहे, काय लिहिलं गेलं आणि खरं काय, चूक कशी झाली. शेवटी आभार. लांबलचक माफी नको, त्यातच नवे पुरस्कार आणि नवी कामंही घुसवू नका. ही नोंद तिने तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' अनुभवांत धरली असेल, तर मुलाखतीत त्याच चाळीस तासांबद्दल नेमकं काय बोलायचं याची तयारी आत्तापासून हवी. चाळीस तासांतही सांगण्यासारखं असतं.

उशिराबद्दल. बहुतेक कॉलेजं अर्ज येतील तसे वाचतात. १५ ऑक्टोबरपासून प्रवेश देऊ शकतात, आणि १५ मार्चपर्यंत वर्गाच्या संख्येइतके तरी प्रस्ताव द्यायचे असतात. मात्र फाइल वाचायला जाते ती पूर्ण झाल्यावर: पडताळलेला अर्ज, सेकंडरी, शिफारसपत्रं आणि एमकॅट या प्रवेश परीक्षेचे गुण. त्यामुळे १२ सप्टेंबर ही तिची खरी तारीख नाही, फाइल पूर्ण होईल ती खरी. पडताळणी ट्रान्सक्रिप्टसाठी थांबते, शिफारसपत्रांसाठी थांबत नाही, तेव्हा पत्रांचा पाठपुरावा या मधल्या दिवसांत उरकावा. पत्र पोचलं तरी ते कोणत्या कॉलेजला जायचं हे नेमून द्यावं लागतं. नंतर जोडलेल्या कॉलेजांच्या बाबतीत हे हमखास राहतं आणि फाइल महिनाभर अपूर्ण पडून असते.

सेकंडरी आल्यापासून साधारण दोन आठवड्यांत पाठवावा असा संकेत आहे. पण घाईत एका कॉलेजचं नाव दुसऱ्याच्या निबंधात राहून जातं, म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक निबंधात कॉलेजचं नाव शोधून पाहावं आणि दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्यावं. सगळ्यांना पुरेसा वेळ देता येत नसेल, तर तुमच्या राज्यातली सरकारी कॉलेजं आधी, कारण ती राज्यातल्या विद्यार्थ्यांना झुकतं माप देतात. उरलेल्यांतली मोजकीच घ्या. फी गेली म्हणून वाईट निबंध पाठवू नये.

वर्ष सोडण्याविषयी माझं मत असं: या तीन चुकांसाठी नाही. पण एमकॅटचे गुण कमी असतील किंवा फाइल नोव्हेंबरात पूर्ण होणार असेल, तर नवीन सेकंडरींवर पैसे ओतण्याऐवजी तो वेळ रुग्णसेवेला द्यावा. ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांचा (ती एम.डी.ऐवजी डी.ओ. ही डॉक्टरकीचीच पदवी देतात) अर्ज वेगळ्या यंत्रणेतून जातो आणि त्यातल्या काहींची मुदत पुढच्या वर्षापर्यंत असते, तोही पर्याय तिच्यासमोर ठेवा. पुन्हा अर्ज करणाऱ्यांना कॉलेजं विचारतात की मधल्या काळात काय बदललं, आणि जुनीच फाइल परत पाठवणाऱ्यांकडे त्याचं उत्तर नसतं. पुढचा अर्ज मे महिन्यात उघडतो. तोवर तासांची वही, तारखांसह आणि पर्यवेक्षकाच्या सहीने, आठवड्याला एकदा भरायला सांगा.